हार्ड डिस्क कोणत्या कंपनीची घ्यावी? पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

घरच्या कॉम्प्युटरसाठी हार्ड डिस्क घ्यायची म्हटलं की चार जणांना विचारावं आणि पाच उत्तरं मिळावीत, हे ठरलेलंच. एक म्हणतो, अमुक कंपनीच्या वाटेला जाऊ नकोस. दुसरा म्हणतो, माझ्याकडे त्याच कंपनीची आठ वर्षं बिनतक्रार चालू आहे. दोघंही खरंच बोलत असतात. शितावरून भाताची परीक्षा करायची आपल्याला सवय आहे, पण शितं एकाच पातेल्यात शिजलेली असतात, डिस्का नसतात.

मीही एका कंपनीवर कितीतरी वर्षं राग धरून होतो. तिची डिस्क वर्षाच्या आत टकटक करत गेली होती. खूप उशिरा आठवलं, की ती चालू असताना टेबलावरून माझ्याच कोपरानं खाली पडली होती. तोवर मी निदान दहा जणांना ‘ती कंपनी नको’ म्हणून सांगून बसलो होतो.

म्हणून या लेखात ‘ही घ्या’ असं एका नावाकडे बोट दाखवलेलं नाही. स्वतः कसं तपासायचं ते पायरीपायरीनं सांगतो.

पायरी १ : बनवणारे किती आहेत ते आधी मोजा

दुकानात नावं भरपूर दिसतात, पण फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आज तीनच आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बाहेरून लावायच्या यूएसबी डिस्कवर चौथंच नाव असलं तरी आतली डिस्क या तिघांपैकी कुणाची तरी असते. वरचं नाव डबीचं असतं.

बाकीच्यांचं काय झालं? क्वांटमचा हार्ड डिस्कचा धंदा मॅक्स्टरकडे गेला आणि २००६ मध्ये मॅक्स्टर सीगेटनं घेतली. सॅमसंगनं आपला हार्ड डिस्कचा विभाग २०११ मध्ये सीगेटला विकला. फुजित्सूचा २००९ मध्ये तोशिबाकडे गेला. आयबीएमनं आपला हिताचीला दिला आणि हिताचीचा तो विभाग २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या पोटात गेला. त्यामुळे कुणी ‘सॅमसंगची हार्ड डिस्क घे, दणकट असते’ असं सांगितलं, तर तो सल्ला एका तपापेक्षाही जुना आहे. जुन्या नावाची पुण्याई नव्या मालकाकडे आपोआप जात नाही. तसा जुना बट्टाही जात नाही.

पायरी २ : कंपनी सोडा, मॉडेल विचारा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. डिस्क बिघडते ती मॉडेलच्या दोषामुळे, त्या खेपेच्या दोषामुळे, नाहीतर आपल्या हातून. एका कंपनीचं सगळंच वाईट निघालं, असं या धंद्यात सहसा होत नाही.

आयबीएमची डेस्कस्टार ७५जीएक्सपी ही डिस्क २००० साली आली. ती इतक्या प्रमाणात बंद पडू लागली, की लोकांनी तिचं नाव ‘डेथस्टार’ ठेवलं आणि २००१ मध्ये अमेरिकेत ग्राहकांनी खटलाही भरला. पुढे हा विभाग हिताचीकडे गेला. काही वर्षांनी हजारो डिस्का चालवणाऱ्या मोठ्या डेटा सेंटरांचे आकडे बाहेर आले तेव्हा सगळ्यात कमी बिघडणाऱ्या डिस्कांमध्ये याच हिताचीची मॉडेलं वरच्या जागांवर होती. नाव तेच डेस्कस्टार. ज्यांनी २००१ मध्ये त्या नावावर कायमची फुली मारली, ते पुढची दहा वर्षं बाजारातल्या सगळ्यात भरवशाच्या डिस्का नाकारत राहिले.

सीगेटची गोष्टही अशीच. २००८ च्या अखेरीस बाराकुडा ७२००.११ या मालिकेत फर्मवेअरचा, म्हणजे डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅमचा, दोष निघाला. कॉम्प्युटर सुरू करताना डिस्क स्वतःलाच कुलूप घालून बसायची आणि बायॉसला, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला, दिसायचीच नाही. गंमत अशी, की आतला डेटा शाबूत असायचा, तबकड्या ठणठणीत असायच्या. चूक होती ती फक्त काही ओळींच्या प्रोग्रॅममध्ये. कंपनीनं २००९ च्या सुरुवातीला दुरुस्तीचं फर्मवेअर दिलं. त्यानंतर आलेलं ३ टीबीचं एसटी३०००डीएम००१ हे मॉडेल मात्र खरोखरच वाईट निघालं आणि त्यावरून २०१६ मध्ये अमेरिकेत खटला उभा राहिला. पण त्याच सुमारास त्याच कंपनीचं ४ टीबीचं मॉडेल एका डेटा सेंटरमध्ये हजारोंच्या संख्येनं चालत होतं, आणि त्याचा बिघाडाचा दर कितीतरी कमी होता. कंपनी एक, काळ तोच, फरक फक्त १ टीबीचा.

यातली अडचणही सांगायला हवी. मॉडेल चांगलं की वाईट हे कळायला दोन-तीन वर्षं जातात, आणि तोवर ते मॉडेल बाजारातून उठलेलं असतं. म्हणून अगदी नवीन, कालपरवा आलेल्या सगळ्यात मोठ्या क्षमतेच्या डिस्कमागे धावू नका. वर्ष-दीड वर्ष बाजारात असलेलं, एखादी पायरी खालच्या क्षमतेचं मॉडेल घ्या. घरच्या कामाला तेवढं पुष्कळ होतं.

मॉडेल नंबर डिस्कच्या लेबलवर असतो, खोक्यावर असतोच असं नाही. ‘२ टीबी, निळ्या लेबलची’ एवढ्यावर थांबू नका, पूर्ण नंबर घ्या. एकाच रंगाच्या, एकाच क्षमतेच्या डिस्का शेवटच्या दोन अक्षरांच्या फरकानं आतून वेगळ्या असू शकतात.

पायरी ३ : आकडे वाचायला शिका

ही पायरी थोडी लांब आहे, पण नवख्या माणसाची फसगत इथंच होते.

माहितीपत्रकावर ‘एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) १० लाख तास’ अशा अर्थाचं लिहिलेलं दिसेल. १० लाख तास म्हणजे ११४ वर्षं. तुमची डिस्क ११४ वर्षं चालेल असा त्याचा अर्थ नाही. हा आकडा मोठ्या समूहाचा असतो: अशा हजार डिस्का वर्षभर सलग चालवल्या तर त्यातल्या साधारण नऊ जातील, म्हणजे वर्षाला ०.८८ टक्के. हाही कंपनीचा अंदाजच. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या. प्रत्यक्षातला दर बहुतेक ठिकाणी १ टक्क्याच्या वर होता, २ ते ४ टक्के सर्रास होता आणि काही ठिकाणी तर १३ टक्क्यांपर्यंत गेला होता. तेव्हा एमटीबीएफचा आकडा नजरेआड केला तरी काही बिघडत नाही.

कामाचा आकडा म्हणजे वार्षिक बिघाड दर, ज्याला एएफआर म्हणतात. तो सगळ्यांसाठी खुला करणारी सगळ्यात परिचित कंपनी म्हणजे बॅकब्लेझ. लोकांच्या फायली साठवणं हा तिचा धंदा. आपल्या डिस्कांच्या रोजच्या नोंदी ती २०१३ पासून ठेवते आणि दर तिमाहीला मॉडेलवार तक्ता प्रसिद्ध करते. आता तिच्याकडे सुमारे तीन लाख डिस्का आहेत. सगळ्या मॉडेलांचा मिळून दर २०२२ मध्ये १.३७, २०२३ मध्ये १.७० आणि २०२४ मध्ये १.५७ टक्के होता. म्हणजे शंभरात वर्षाला दीड. ही पट्टी डोक्यात ठेवली की कुठलाही दावा तिच्यावर घासून पाहता येतो.

तक्त्यात थेट शेवटच्या रकान्यावर उडी मारू नका. आधी ‘डिस्क-दिवस’ बघा. एक डिस्क एक दिवस चालली की एक डिस्क-दिवस. समजा, एका मॉडेलच्या १,२०० डिस्का ९० दिवस चालल्या आणि ४ गेल्या. डिस्क-दिवस झाले १,०८,०००. त्याला ३६५ नं भागलं की साधारण २९६ वर्षं. ४ भागिले २९६ म्हणजे १.३५ टक्के. आता दुसरं मॉडेल: ६० डिस्का, ९० दिवस, १ गेली. हिशेब करा, ६.७६ टक्के येतात. वाटेल, बापरे, पाचपट वाईट! पण ती एक डिस्क पुढच्या तिमाहीत गेली असती तर याच मॉडेलचा दर शून्य दिसला असता. थोड्या डिस्कांवरचा टक्का म्हणजे वाऱ्यावरची वरात.

शून्याचंही तसंच. शंभर डिस्का वर्षभर चालवून एकही गेली नाही, तरी खरा दर शून्यापासून साधारण ३ टक्क्यांपर्यंत कुठंही असू शकतो. मग दुकानाच्या पानावरचे तीसेक अभिप्राय काय सांगणार? त्यातून डिस्कपेक्षा पॅकिंगबद्दलच जास्त कळतं. ‘आल्या दिवशीच बंद’ अशा तक्रारी एका विक्रेत्याकडे भराभर दिसल्या, तर दोष बहुधा वाहतुकीतल्या आदळआपटीचा असतो.

आणखी एक गोष्ट. डेटा सेंटरमधल्या डिस्का चोवीस तास फिरतात, त्यांना थंड हवा आणि स्थिर वीज मिळते, त्यांना कुणी हलवत नाही. घरच्या डिस्कला सतत चालू-बंद होणं, धूळ, धक्के, अचानक जाणारी वीज असं सगळं सोसावं लागतं. शिवाय त्या तक्त्यांत हल्ली बहुतेक मोठ्या क्षमतेची सर्व्हरची मॉडेलं असतात. तुमचं १ किंवा २ टीबीचं मॉडेल तिथं सापडणारच नाही कदाचित. तक्त्यातून कल कळतो, तुमच्या घरातल्या डिस्कचं भविष्य नाही.

आता फरक किती मोठा ते पाहा. वर्षाला १ टक्का बिघडणाऱ्या शंभर डिस्कांपैकी पाच वर्षांनी ९५ चालू असतात, आणि २ टक्के बिघडणाऱ्या शंभरांपैकी ९०. कागदावर एक दुसरीच्या दुप्पट वाईट आहे. तुमच्या घरात मात्र एकच डिस्क आहे, आणि दोन्हींमध्ये ती टिकण्याची शक्यता नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त आहे. ज्याला हजार डिस्का घ्यायच्या त्यानं या फरकावर रात्री जागाव्यात.

पायरी ४ : जात ओळखा

कंपनीपेक्षा जास्त फरक पडतो तो डिस्क कोणत्या कामासाठी बनवली आहे याचा. साध्या घरगुती डिस्कला वर्षाकाठी साधारण ५५ टीबी लिहिण्या-वाचण्याचं काम गृहीत धरलेलं असतं, नॅसच्या (नेटवर्कला जोडून चालणाऱ्या साठवणपेटीच्या) डिस्कला १८० टीबीच्या आसपास, सर्व्हरच्या डिस्कला ५५० टीबी. वॉरंटीही त्याच क्रमानं चढते: बहुधा दोन, तीन आणि पाच वर्षं. कंपनीला आपल्या मालावर किती भरवसा आहे याचा त्यातल्या त्यात प्रामाणिक पुरावा हाच, कारण चुकलं तर भुर्दंड तिलाच पडतो. एक मात्र समजून असा, वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा नाही.

दुसरी जात म्हणजे सीएमआर आणि एसएमआर, तबकडीवर माहिती लिहिण्याच्या दोन पद्धती. सीएमआरमध्ये माहितीचे पट्टे शेजारी-शेजारी असतात. एसएमआरमध्ये ते छपरावरच्या कौलांसारखे थोडे थोडे एकमेकांवर चढवलेले असतात. जागा वाचते, पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळ उचलावी लागते, म्हणून सतत बदल लिहिताना डिस्क रखडते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलनं नॅससाठीच्या काही ‘रेड’ नावाच्या डिस्कांमध्ये गाजावाजा न करता एसएमआर वापरल्याचं उघड झालं आणि गदारोळ झाला. मग सीएमआरच्या डिस्का ‘रेड प्लस’ या नावाखाली वेगळ्या केल्या गेल्या. फोटो, सिनेमे एकदा टाकून ठेवायचे असतील तर एसएमआर चालते. अनेक डिस्का एकत्र जोडून एकीसारख्या वापरायच्या असतील (याला RAID म्हणतात, वरच्या ‘रेड’ नावाशी त्याचा संबंध नाही) तर तिच्या वाटेला जाऊ नका. कंपनीच्या मॉडेल यादीत हे लिहिलेलं असतं, शोधा.

कॅमेऱ्यांच्या चित्रणासाठीच्या खास डिस्का घरच्या कॉम्प्युटरला ‘जास्त टिकाऊ’ म्हणून सुचवल्या जातात. त्या सलग लिहिण्यासाठी जुळवलेल्या असतात. घरात चालतील, पण त्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

पायरी ५ : आली की लगेच भरू नका

नवी डिस्क हातात आली की पहिला मोह होतो तो जुनी रिकामी करून सगळं हिच्यात ओतायचा. आवरा. पहिले काही दिवस डिस्क परीक्षेला बसवा, तोवर जुन्या डिस्कवरचं काही पुसू नका.

आधी कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून वॉरंटी किती उरली आहे ते बघा. नव्या डिस्कची वॉरंटी वर्षभर आधीच सुरू झालेली दिसली तर विक्रेत्याला विचारा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टमॉनटूल्ससारखं मोफत साधन लावून ‘पॉवर ऑन अवर्स’ पाहा. नव्या डिस्कवर हा आकडा शून्याच्या आसपास हवा. पण फक्त त्यावर विसंबू नका. २०२५ च्या सुरुवातीला सर्व्हरमध्ये हजारो तास वापरलेल्या सीगेटच्या डिस्का हा आकडा पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघडकीला आलं. सीगेटच्या डिस्कमध्ये ‘फार्म’ नावाची वेगळी नोंदही असते. फसवणूक करणाऱ्यांनी ती पुसली नव्हती आणि त्यावरूनच बिंग फुटलं. स्मार्टमॉनटूल्सच्या नव्या आवृत्तीत ती वाचता येते.

त्यानंतर पूर्ण पृष्ठभागाची चाचणी चालवा, कंपनीच्या साधनातली ‘लाँग’ किंवा ‘एक्स्टेंडेड’. ४ टीबीच्या डिस्कला सात-आठ तास सहज लागतात, रात्री लावून झोपा. एकही खराब सेक्टर (माहिती साठवायचा छोटा कप्पा) निघाला तर ‘एकच तर आहे’ म्हणून खपवून घेऊ नका. परत करायची मुदत असते ती यासाठीच.

पायरी ६ : नाडी बघत राहा

पुष्कळ डिस्कांमध्ये तबकडी मिनिटाला ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेते. अशा साडेतीन इंची डिस्कची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे पळत असते आणि हेड, म्हणजे लिहिणारं-वाचणारं टोक, तिच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. ही कसरत वर्षानुवर्षं बिनचूक चालते, याचंच खरं तर नवल.

डिस्क स्वतःची तब्येत ‘स्मार्ट’ नावाच्या नोंदींत लिहीत असते. ओळी खूप असतात, पण महिन्यातून एकदा पाचच बघा: ५, १८७, १८८, १९७ आणि १९८. म्हणजे बदललेले सेक्टर, न सुधारता आलेल्या चुका, वेळेत न झालेली कामं, संशयित सेक्टर आणि वाचताच न येणारे सेक्टर. मूळ (‘रॉ’) आकडा शून्य असेल तर ठीक. १८८ मध्ये अधूनमधून वाढ दिसली तर घाबरू नका, पण ५ किंवा १९७ आठवड्यागणिक चढत असेल तर डेटा हलवायला घ्या. १९९ वाढत असेल तर आधी केबल बदला, दोष बऱ्याचदा तिचाच असतो. आणि सीगेटच्या डिस्कवर १ आणि ७ या ओळींत अवाढव्य आकडे दिसतात, त्यांनी हबकून जाऊ नका. तिथं चुका आणि एकूण कामांची संख्या एकाच आकड्यात बांधलेली असते. याच आकड्यांमुळे कितीतरी ठणठणीत डिस्का बदनाम झाल्या आहेत.

या नोंदींवर किती विसंबावं? गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास मांडला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडली की पुढच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट होते, असं त्यात दिसलं. पण बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कांनी तापमान सोडलं तर कुठल्याच ओळीत काही दाखवलं नव्हतं. म्हणजे धोक्याची घंटा वाजली तर खरी माना, नाही वाजली तर निर्धास्त राहू नका. त्याच अभ्यासात गरमीचा दोष समजुतीपेक्षा बराच कमी निघाला. फार तापलेल्या आणि वय झालेल्या डिस्कांतच तो ठळक होता.

टकटक किंवा खरखर ऐकू आली तर मात्र कुठलंही साधन चालवत बसू नका. बंद करा. हेड तबकडीला घासत असेल तर प्रत्येक मिनिट महाग पडतं.

पायरी ७ : दोन घ्या

ज्या पैशात ‘सगळ्यात भरवशाच्या’ कंपनीची एक महागडी डिस्क येते, त्यात पुष्कळदा दोन साध्या बसतात. दोघींचाही दर वर्षाला २ टक्के धरा. दोन्ही एकाच वर्षात जाण्याची शक्यता ०.०४ टक्के, अडीच हजारांत एक. जगातल्या कुठल्याही कंपनीची एकटी डिस्क एवढा भरवसा देत नाही. मात्र हा हिशेब दोघी एकमेकींपासून खरोखर वेगळ्या असतील तरच खरा. एकाच खोक्यात, एकाच विजेवर, एकाच खेपेच्या दोन डिस्का म्हणजे जुळ्या बहिणी, एकीला जे होईल ते दुसरीलाही होऊ शकतं. म्हणून दुसरी वेगळ्या कंपनीची घ्या, कॉपी करून झाली की केबल काढून कपाटात ठेवा, जमल्यास दुसऱ्या घरात. कंपन्यांची तुलना इतका वेळ केली ती इथं कामी येते: कोण चांगली यासाठी नाही, दोघी सारख्या नसाव्यात यासाठी.

खरेदीची तारीख मार्करनं डिस्कच्या अंगावर लिहून ठेवा आणि बिलाचा फोटो काढा. तो फोटो त्याच डिस्कवर ठेवू नका, हे मी अनुभवानं सांगतोय.